स्वतःबद्दलचं कुतूहल कसं वाढवायचं? (की वाढवूच नये?)

शलाका_रावपुरा

हा धागा काढावा की नाही, असं बरेच दिवस चाललं होतं. विषय 'सुविचार' छापाचा वाटेल, पण प्रश्न खरंच पडलाय.

मध्यंतरी इथे बडोद्यात आमच्या ऑफिसात एक प्रशिक्षण झालं. अहमदाबादहून एक सर आले होते. म्हणाले, माणसाला स्वतःबद्दल कुतूहल हवं, तरच त्याची वाढ होते. इथवर ठीक. मग प्रत्येकाला कागद दिला. स्वतःची एक खोड लिहा आणि तिच्याखाली पाच वेळा 'का?' विचारून उत्तरं लिहा. मी लिहिलं, 'पुण्याच्या जाऊबाईंचा फोन ठेवला की मी भांडी आपटते.' (हे निरीक्षण माझं नव्हे, मुलाचं. नववीत आहे, अभ्यास सोडून सगळीकडे लक्ष असतं.) पहिल्या 'का'चं उत्तर: त्या बोलतातच तशा. दुसऱ्याचं: मला लागतं. तिसऱ्याचं: माझा स्वभावच तसा. चौथ्याचं: लहानपणी कधी कौतुक झालं नाही. पाचव्याला पोचेपर्यंत डोळे भरून आले आणि शेजारचे भाई 'बेन, पाणी आपूं?' विचारायला लागले. घरी आले, रात्री फोन आला, भांडी आपटली.

तर स्वतःकडे कुतूहलाने बघणं आणि स्वतःला उकरत बसणं, यातला फरक कसा ओळखायचा? ज्यांना जमतं ते नेमकं करतात काय? पुस्तकांची नावं नकोत, केलेलं सांगा.

टवाळ_तात्या

पाच 'का' म्हणजे चैन आहे ताई. आमच्याकडे दुसऱ्या 'का'लाच उत्तर येतं, 'गप जेवा.' (हलके घ्या.)

मकरपुरा_क्यूसी

तात्यांचं हसून झालं असेल तर जरा गंभीर लिहितो, कारण पाच 'का' म्हणजे आमची, क्वालिटी कंट्रोलवाल्यांची, रोजीरोटी.

पद्धत टोयोटाची. ताइची ओनो यांनी ती कारखान्यात रुजवली. त्यांचं नेहमीचं उदाहरण असं. मशीन बंद पडलं. का? लोड जास्त होऊन फ्यूज उडाला. का? बेअरिंगला तेल पुरेना. का? पंप तेल नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का? जाळी बसवलेली नव्हती, धातूचा चुरा आत गेला. जाळी बसवा, विषय संपला.

आता यातलं प्रत्येक उत्तर जाऊन बघता येतं. पंप उघडा, शाफ्ट हातात घ्या. खुर्चीत बसून भरलेला फॉर्म आमचे साहेब न वाचता परत करतात, 'खाली जाऊन बघितलंस का?' एवढंच विचारून. दुसरं म्हणजे, मूळ कारण म्हणून 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' चालत नाही. तसं लिहिलं की ऑडिटर शेरा मारतो. कारण त्यावर करायचं काय? ऑपरेटर बदलला तरी नवाही तेच करणार.

तुमचा तिसरा 'का' बघा ताई. 'माझा स्वभावच तसा.' झाला की ऑपरेटरचा निष्काळजीपणा! तपास तिथेच थांबला, पुढचं सगळं अंदाजपंचे.

शलाका_रावपुरा

हे फ्रिजवर लावते. पण क्यूसीदादा, शाफ्ट उघडता येतो. मन कसं उघडायचं?

मकरपुरा_क्यूसी

मन नका उघडू. भांडी बघा. कुठलं भांडं, किती वाजता, त्याच्या आधी काय चाललं होतं. लॉगबुक ठेवा. कारण नंतर, नोंद आधी.

निवृत्त_नाना

करमणूक झाली. मी शाळेत मास्तर होतो, त्यामुळे स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

आमच्या पिढीला हा आजार नव्हता. दांडिया बाजारच्या दोन खोल्यांत सात माणसं आणि एक मोरी. स्वतःला शोधायला जागा कुठे होती? कुतूहल होतं ते बाहेरचं. रविवारी वडील कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये न्यायचे. तिथे इजिप्तची ममी आहे, देवमाशाचा सांगाडा आहे. त्या सांगाड्यासमोर उभं राहिलं की आपलं सुखदुःख आपोआप आपल्या मापाचं होतं. सयाजीरावांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून लायब्ऱ्यांची घडी बसवली, पेट्यांत भरून पुस्तकं खेड्यापाड्यांत पाठवली. कशासाठी? लोकांनी जगाकडे बघावं म्हणून. त्या गावात बसून 'मी भांडी का आपटते' हा संशोधनाचा विषय व्हावा, याचं वाईट वाटतं.

सेवउसळ_जिंदाबाद

नाना, +१. पण फक्त मोरीसाठी.

कारेलीबाग_अनु

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून राहवत नाही. नाना, तुमच्याशी भांडणार आहे, पण आधी क्यूसीदादांना दाद. नोंद आधी, कारण नंतर, हे आम्हाला लोकांच्या गळी उतरवायला महिने लागतात.

'मी असं का वागले' याचं आपण दिलेलं उत्तर किती भरवशाचं असतं? १९७७ साली निस्बेट आणि विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक लेख आला. त्यातला एक प्रयोग दुकानातला आहे. बायकांसाठी नायलॉनच्या लांब मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि गिऱ्हाइकांना विचारलं, यातला सगळ्यात चांगला कुठला? चारही जोड अगदी सारखे होते. लोकांनी मात्र सगळ्यात उजवीकडचा जोड डावीकडच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा निवडला. कारण विचारल्यावर कुणी वीण सांगितली, कुणी पोत. 'उजवीकडे होता म्हणून' असं कुणीही म्हणालं नाही. तसं सुचवल्यावर तर लोक सुचवणाऱ्याकडेच विचित्र नजरेने बघायला लागले.

ही माणसं खोटं बोलत नव्हती. 'का' विचारलं की डोकं हाताशी असलेलं, चारचौघांत शोभेलसं कारण पुढे करतं. शलाका, 'लहानपणी कौतुक झालं नाही' हे खरं असेलही. पण त्या कागदावर ते खरं म्हणून आलं की चौथ्या ओळीत काहीतरी वजनदार लिहायला हवं म्हणून आलं, हे तुलाही सांगता येणार नाही.

आता उकरणं. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा चघळायचा, नवीन माहिती शून्य, आणि प्रत्येक फेरीला मन आणखी खाली. सूझन नोलन-होक्सेमा यांनी यावर आयुष्यभर काम केलं. अशा चघळण्याने उदासी लांबते, असं त्यांना दिसलं. फरक ओळखायची माझी चाचणी साधी आहे. अर्ध्या तासानंतर आधी माहीत नसलेलं काही हाती लागलं का? लागलं तर कुतूहल. नाही तर उठा, कपडे वाळत घाला.

प्रश्नचिन्ह

मग 'का' विचारायचाच नाही? मला पटत नाही. मी नोकऱ्या सोडण्यासाठी प्रसिद्ध होतो. दर वेळी कारण वेगळं. कधी पगार, कधी शिफ्ट, एकदा तर कँटीनचं जेवण. शेवटी बायकोने विचारलं, 'खरं सांग, का?' मग एका रात्री कागद घेऊन बसलो आणि कळलं की दर वेळी माझ्या वर बाहेरून नवा माणूस आणून बसवला होता. कँटीनचं जेवण आधीपासूनच वाईट होतं, ते मला तेव्हाच कसं आठवलं? 'का' विचारला नसता तर कळलं असतं का?

कारेलीबाग_अनु

प्रश्नचिन्ह, कागद घेऊन बसलात तेव्हा आधी काय लिहिलंत?

प्रश्नचिन्ह

कुठली नोकरी कधी सोडली, त्या सुमारास काय घडलं होतं.

कारेलीबाग_अनु

😊

प्रश्नचिन्ह

ओके. पण सुरुवात 'का'नेच झाली होती, हे नोंदवून ठेवा. बायकोने 'कधी?' विचारलं असतं तर मी तारीख सांगून झोपलो असतो.

दांडियाबाजारकर

अवांतर, पण गावचं आहे म्हणून लिहितो.

अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. डिसेंबर १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर ते पुन्हा इथे आले आणि विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर वाड्याच्या माडीवर तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं ते असं: बसा, विचार करू नका, फक्त मनाकडे बघा. विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरायच्या आधी परतवा. अरविंदांनी पुढे लिहून ठेवलंय की विचार बाहेरून येताना दिसतात, हे त्यांनी तोवर कधी ऐकलंही नव्हतं. तरी हे शक्य आहे का, यावर वाद न घालता ते बसले आणि केलं.

मला यातलं योगाचं काही कळत नाही. मला भावतो तो केंब्रिजला शिकलेला माणूस. वाद घालण्यात कुणाला हार न जाणारा. तो म्हणतो, बघू तर खरं.

टवाळ_तात्या

विचार बाहेरून येतात हे शंभर टक्के खरं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून येतात, पहाटे पाचपासून.

निवृत्त_नाना

दांडियाबाजारकर, गावची गोष्ट काढलीतच तर विनोबांचीही काढा. तेही इथेच वाढले. त्यांनी आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली, आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले ते सुरतेलाच उतरून काशीच्या गाडीत बसले. अशा माणसांची गोष्ट वेगळी. आपण कुठल्या स्टेशनावर उतरणार?

सेवउसळ_जिंदाबाद

आता कळलं, आमची आई परीक्षेला सोडायला थेट मुंबईपर्यंत का यायची.

मगरमित्र

मूळ विषय सोडून: विश्वामित्री नदीच्या पुलावरून मगर दिसली की आख्खी गर्दी वाकून बघते. पंधरा मिनिटं ती हलत नाही आणि पंधरा मिनिटं कुणी हलत नाही. गावात कुतूहलाची टंचाई नाही, एवढंच म्हणायचंय. त्याच लोकांना 'आज सकाळी गेटवर वॉचमनवर का ओरडलात' विचारा, लगेच घाई असते.

टवाळ_तात्या

मगर उलट विचारत नाही ना.

फाइनआर्ट्सची_पोर

नानाआजोबा, तुमचं आतलं-बाहेरचं मला नीट कळलं नाही, कारण आम्हाला दोन्ही एकाच तासाला शिकवतात.

पहिल्या वर्षी स्वतःचा हात काढायला लावला होता. सोपं वाटतं. सगळ्यांनी काय काढलं, तर डोक्यातला हात. पाच बोटं, पाच नखं, सगळं व्यवस्थित. सर फिरत आले आणि माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, 'हे नख तुला दिसतंय का इथून?' दिसत नव्हतं. बोट वाकलेलं होतं, नख पलीकडे होतं. पण बोटाला नख असतं हे मला माहीत होतं, म्हणून मी ते काढून ठेवलं होतं. 'माहीत आहे ते नको, दिसतंय ते काढ.' नंतरचे तास नुसता तोच हात. करंगळीजवळ भाजल्याचा एक बारीक डाग आहे, तो मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. घरी विचारलं तर आई म्हणाली, तू चार वर्षांची असताना इस्त्रीला हात लावलास. म्हणजे माझ्या हातावर माझी एक गोष्ट होती आणि ती मला ठाऊक नव्हती.

आरशात बघून स्वतःचा चेहरा काढताना हे आणखी अवघड होतं. तिथे सगळ्या मुली सवयीने नाक लहान काढतात. 😅

पण आता अडचण. स्वतःचं काही बघायला लागले, म्हणजे नुसतं 'आज मूड का गेला', की हात आपोआप फोनकडे जातो. चाळीस रील बघून झाल्यावर मूड कुठे गेला हेही आठवत नाही. यावर कुणाकडे काही आहे का?

कारेलीबाग_अनु

तू एकटी नाहीस बाळा. २०१४ साली टिमथी विल्सन (वरच्या मोज्यांवाल्या जोडीतलेच) आणि सहकाऱ्यांनी लोकांना खोलीत १५ मिनिटं एकटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, फक्त स्वतःचे विचार. सोबत एक बटण. दाबलं की विजेचा सौम्य झटका. तो त्यांनी आधी घेऊन बघितला होता आणि 'पुन्हा नको, हवं तर पैसे देऊ' असंही सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी त्या १५ मिनिटांत बटण दाबलंच.

टवाळ_तात्या

१२ पैकी निदान चार जणांनी 'लाइट गेली की काय' बघायला दाबलं असणार.

मकरपुरा_क्यूसी

तात्या, चेष्टा सोडा, हा मुद्दा खरा असू शकतो. बटण दिसलं की मीही दाबतो. तोही कुतूहलाचाच प्रकार, फक्त दिशा भलतीकडे. 'पुढे काय येईल' या ओढीवरच ते रील चालतात. म्हणजे पोरीकडे कुतूहल कमी नाहीये, ते रोज कुणीतरी उचलून नेतंय.

कारेलीबाग_अनु

हो, अगदी. आणि पोरी, फोन आलाच हातात तर हरकत नाही. उघडायच्या आधी फक्त एक बघ, आत्ता शरीरात कुठे काय वाटतंय. छातीत, घशात, पोटात. एक श्वासभर. मग खुशाल उघड. सिगारेट सोडवण्याच्या कामात जडसन ब्रूअर हे डॉक्टर असंच काहीतरी करतात. ओढायचीच असेल तर ओढा, पण चव, वास, धूर, सगळं लक्ष देऊन. लोकांना तेव्हा कळतं की चव चक्क घाणेरडी आहे. उपदेश करून ते कळत नाही.

हिंचका

मी इथे फारशी लिहीत नाही, वाचते. आज लिहिते.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. बरीच वर्षं झाली. दिवसातून कितीतरी वेळा माझ्याकडे बघून विचारतात, 'ही कोण गं?' सुरुवातीला मी सांगायचे, 'तुमची सून.' मग त्या 'अगंबाई' म्हणायच्या आणि दहा मिनिटांनी परत तेच. रडू यायचं, चिडही यायची. पुढे पुढे मी वेगळी उत्तरं द्यायला लागले. एकदा म्हटलं, 'मी सांगलीची.' एकदा म्हटलं, 'मी भजनात दुसरी ओळ सांभाळते ती.' एकदा फार थकले होते, तेव्हा तोंडून निघालं, 'मला पण झोपायचंय.' त्या म्हणाल्या, 'मग झोप की, कोणी अडवलंय?' आणि त्यांच्या शेजारची उशी थोपटली.

आपण दुसऱ्याला काय उत्तर देतो ते ऐकूनही आपलं काहीतरी कळतं, एवढंच म्हणायचंय.

पण अनुताई, एक सांगते. झोप झालेली नसेल तर कुतूहल वगैरे काही नसतं. ज्या बाईला रात्री चारदा उठावं लागतं तिला 'स्वतःकडे कुतूहलाने बघ' सांगण्याआधी तिच्याकडचं एखादं काम उचलून घ्या. मला एका शिबिरात हे सांगितलं गेलं होतं तेव्हा उठून यावंसं वाटलं होतं.

कारेलीबाग_अनु

हिंचकाताई, मान्य, एकही 'पण' न लावता.

सेवउसळ_जिंदाबाद

हिंचकाताई, उशीवाला भाग दोनदा वाचला.

निवृत्त_नाना

हिंचका, आमच्या हिला शेवटची दोन वर्षं असंच होतं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

प्रश्नचिन्ह

एक प्रयोग माझाही. स्वतःशी बोलताना 'मी'ऐवजी नाव घ्यायचं. 'अरे बाबा, तू आज मीटिंगमध्ये का फुरफुरत होतास?' लगेच जरा लांबून बघितल्यासारखं होतं. ईथन क्रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं यावर काम आहे. पण आपल्याकडे हे जुनंच नाही का? 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे'. सगळे स्वतःला नावाने हाक मारून बोलतात.

दांडियाबाजारकर

ती नाममुद्रा आहे हो. अभंग कुणाचा ते कळावं म्हणून. तिला मानसशास्त्राचं लेबल लावू नका.

प्रश्नचिन्ह

कशासाठी सुरू झाली ते सोडा. रोज शेवटच्या ओळीत स्वतःला लांबून हाक मारणाऱ्या माणसावर काहीच परिणाम होत नसेल?

दांडियाबाजारकर

होत असेल. पण मग आमच्या पोळीतले (म्हणजे गल्लीतले) एक काकाही स्वतःला नावानेच संबोधतात. 'अण्णांना हे चालणार नाही.' त्यांना आत्मज्ञान झाल्याचं काही ऐकिवात नाही.

टवाळ_तात्या

😂😂 अण्णांचा पत्ता द्या, आपण सगळे दर्शनाला जाऊ.

डायरीवाली

उशिरा आले. रोज डायरी लिहिणाऱ्यांपैकी कुणी आहे का इथे? मी लिहिते आणि लिहून झाल्यावर जास्तच वाईट वाटतं. हे उकरणं म्हणायचं का?

कारेलीबाग_अनु

लगेच वाईट वाटणं यावरून काही ठरत नाही. १९८६ साली पेनबेकर आणि बील यांनी विद्यार्थ्यांना मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल सलग चार दिवस १५-१५ मिनिटं लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना वाईटच वाटत होतं. पण पुढच्या काही महिन्यांत, घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. चार दिवस मात्र, चार वर्षं नाही. जुन्या डायऱ्या काढून बघा. त्याच माणसाबद्दल तेच वाक्य पानोपानी असेल तर वही मिटा आणि कुणाशी तरी बोला. फारच जड होत असेल तर डॉक्टरांशी.

शलाका_रावपुरा

मंडळी, लॉगबुक ठेवलं. कॅलेंडरच्या चौकोनात, बारीक अक्षरात, घरच्यांना वाटावं दुधाचा हिशेब आहे.

सापडलं ते असं. जाऊबाईंचा फोन रविवारी दुपारी आला तर भांडी शांत. रात्री आठच्या सुमारास आला, म्हणजे तव्यावर पोळी, कणकेचे हात आणि फोन खांदा-मानेत धरलेला, तर आपटतात. बँकेतून कर्ज विकणाऱ्या मुलीचा फोन त्याच वेळी आला, तेव्हाही आपटली. म्हणजे जाऊबाई बऱ्याचशा निर्दोष सुटल्या. क्यूसीदादा, तुमचा पेढा लागू झाला.

बऱ्याचशा म्हटलं, कारण एक नोंद उरते. एका रविवारी दुपारी, सगळं आवरलेलं असताना, मी पातेलं आपटलं होतं. त्या दिवशीच्या फोनमध्ये त्यांनी सासूबाईंची विचारपूस केली, मुलाची केली, ह्यांच्या गुडघ्याची केली. मग 'चला ठेवते' म्हणाल्या. ही ओळ लिहिली तेव्हा रडू आलं नाही. आश्चर्य वाटलं, की एवढंच होतं होय? त्यांना हे सांगायचं की नाही, अजून ठरत नाहीये.

मकरपुरा_क्यूसी

आठच्या फोनचं आज करून टाका. स्टँड घ्या, नाहीतर 'पोळ्या करतेय, नऊला करते' म्हणा. जाळी बसवली समजा. दुसरी नोंद मोठी आहे, ती माझ्या खात्यात येत नाही.

हिंचका

सांग. पण आपटलेल्या पातेल्याचं सांगू नकोस. 'वहिनी, माझंही विचारत जा' एवढंच सांग.

मगरमित्र

किंवा पुढच्या वेळी त्यांचं आधी विचार. त्यांनाही कुणी विचारत नसेल.

प्रश्नचिन्ह

मगरमित्र, हे झालं पुन्हा बाईनेच पुढाकार घेण्यासारखं. मी हिंचकाताईंच्या बाजूने.

निवृत्त_नाना

माझं मत बदललेलं नाही. बाहेर बघावं. पण अनुताईंच्या त्या मोज्यांनी झोप उडवली होती, म्हणून परवा घरी करून बघितलं.

मुलगी-जावई, नातू आणि शेजारचे शहाकाका जमले होते. एकाच पुडीतला लीलो (ओला) चिवडा चार वाट्यांत ओतला, ओट्यावर ओळीने मांडला आणि सांगितलं, चार दुकानांचा आहे, कुठला चांगला? दहा मिनिटं घरात महाचर्चा. शहाकाकांच्या मते दुसऱ्यात लिंबू जास्त. मुलगी म्हणाली, तिसऱ्याचं तेल जुनं आहे, घशाला लागतं. जावई कंपनीत खरेदी खात्यात आहेत, त्यांनी चौथीला दहापैकी आठ गुण दिले आणि कारणं बोटांवर मोजून सांगितली. नातवाने प्रत्येक वाटीतलं खाल्लं आणि म्हणाला, 'आजोबा, सगळं सेम आहे.' त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं, त्याला काय कळतं म्हणून.

मग मी पुडी दाखवली. मुलगी हसली. शहाकाका अजूनही म्हणतात की दुसऱ्या वाटीच्या तळाशी लिंबू साठलं असणार. जावई जरा रागावलेत, जेवताना बोलले नाहीत.

यात गंमत अशी की मांडणारा मीच, तरी मला स्वतःला पहिली वाटी जास्त खमंग वाटत होती. अजूनही वाटते. अनुताई, याला काही इलाज?

कारेलीबाग_अनु

नाना, इलाज नाही. पुढच्या वेळी वाट्यांच्या जागा बदलून बघा आणि तुमची आवड वाटीबरोबर हलते की जागेबरोबर राहते, ते इथे कळवा. जावयांना नका सांगू.

निवृत्त_नाना

शनिवारी करतो. नातवाला सामील करून घेतलंय, तो वही घेऊन बसणार आहे.

टवाळ_तात्या

नाना, ते सगळं ठीक. चिवडा कुठल्या दुकानाचा?

निवृत्त_नाना

शनिवारपर्यंत सांगणार नाही. निकालावर परिणाम होईल.